दहा खाचांची फळी: तीव्र अपंगत्व असलेल्यांना काम मिळतं कसं, आणि घोडं अडतं कुठे

डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या श्रम खात्याने एक प्रस्ताव मांडला: अपंग कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी पगार देण्याचे परवाने टप्प्याटप्प्याने बंद करायचे. मग सरकार बदललं आणि जुलै 2025 मध्ये तो प्रस्ताव मागे घेण्यात आला. बातमी दोन ओळींची, पण वाचणारा दोनदा अडखळतो. किमान वेतनापेक्षा कमी पगार द्यायचा परवाना? असा परवाना असतो? आणि हे परवाने घेणाऱ्यांत बहुसंख्य सेवाभावी संस्था आहेत हे कळल्यावर तर डोकंच चालेनासं होतं.

हा गुंता सोडवायचा तर पगारापासून सुरुवात करून चालत नाही. ज्याला बोलता येत नाही, मोजता येत नाही किंवा ज्याचा हात त्याचंच ऐकत नाही, अशा माणसासाठी नोकरी ‘तयार करतात’ म्हणजे नेमकं काय करतात, हे आधी बघावं लागतं.

‘तीव्र’ म्हणजे किती?

अपंगत्व हा शब्द फार ऐसपैस आहे. (कोणता शब्द वापरावा यावरही वाद आहेत, मी इथे सरळ हाच वापरतो.) एका कानाने कमी ऐकू येणारा हिशेबनीस त्यात बसतो आणि सेरेब्रल पाल्सीमुळे चालणं, बोलणं, हात वापरणं तिन्ही अवघड झालेली तरुणीही त्यातच बसते. हिशेबनिसाला एखादी सोय पुरते. श्रवणयंत्र मिळालं, बैठकीत पुढची खुर्ची मिळाली, की त्याचं काम सुरू. त्या तरुणीला मात्र आधार लागतो. रोज, वर्षानुवर्षं आणि बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाच्या रूपात. या लेखापुरती तीव्र अपंगत्वाची व्याख्या एवढीच: सोयीने भागत नाही, आधार लागतो. तीव्र बौद्धिक अपंगत्व, दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसणं, दीर्घकाळचे गंभीर मनोविकार असं बरंच काही त्यात येतं.

आता नोकरीकडे बघा. बाजारात नोकरी सुटी मिळत नाही, बांधलेल्या गाठोड्यात मिळते: एक माणूस, आठ तास, पंधरा कामं. पंधरापैकी अकरा उत्तम जमणाऱ्याला ते गाठोडं कुणी देत नाही. ना-नफा संस्था इथे शिरते. ती गाठोड्याची गाठ सोडते.

मोजता येत नाही, मग स्क्रू कसे भरणार?

दहा खाचा असलेली एक लाकडी फळी डोळ्यांसमोर आणा. डावीकडे स्क्रूंचा ढीग, उजवीकडे प्लास्टिकच्या पिशव्या. प्रत्येक पिशवीत दहा स्क्रू भरायचे आहेत. समोर बसलेल्या माणसाला दहापर्यंत मोजता येत नाही, कदाचित कधीच येणार नाही. तो प्रत्येक खाचेत एक स्क्रू ठेवतो. रिकामी खाच उरली नाही की फळी नरसाळ्यावर पालथी करतो. स्क्रू पिशवीत पडतात. मोजणी फळीने केली. तासाभराच्या सुतारकामात नोकरीची ‘मोजता येणं आवश्यक’ ही अट निघून गेली.

अशा साधनाला कारखान्यात जिग म्हणतात आणि ते धडधाकट कामगारांसाठीही सर्रास वापरतात. भोक नेमक्या जागी पडावं म्हणून साचा लावला, तर सुताराला कुणी अर्धवट म्हणत नाही. फळीचंही तेच आहे.

दुसरं हत्यार म्हणजे कामाची फोड. ‘टेबल पूस’ हा आपल्या लेखी एक हुकूम. शिकवणाऱ्याच्या कागदावर त्याच्या चौदा-पंधरा ओळी होतात: फडकं उचल, पाण्यात बुडव, पीळ, लांबच्या कोपऱ्यावर ठेव, स्वतःकडे ओढ... ओळी पाडल्या की अडचण दिसते. समजा सगळं जमतंय, फक्त ‘पीळ’ जमत नाही. कारण किती पिळायचं हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग पिळणंच काढून टाका आणि फवाऱ्याची बाटली द्या. ‘याला टेबल पुसता येत नाही’ असा शेरा जिथे पडणार होता, तिथे एक बाटली आली.

शिकवायचा क्रमही बऱ्याचदा उलटा असतो. टॉवेलची घडी शिकवताना शिक्षक आधी सगळ्या घड्या स्वतः घालतो, शेवटची तेवढी शिकणाऱ्याला घालू देतो. मग शेवटच्या दोन, मग तीन. त्यामुळे पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळी काम पुरं होतं ते शिकणाऱ्याच्याच हातून. मदत कमी करण्याचीही एक उतरंड असते: आधी हातावर हात ठेवून, मग बोटाने दाखवून, मग शब्दाने, मग नुसतं थांबून. गंमत म्हणजे शिकवणाऱ्यांना सगळ्यांत जड जातं ते गप्प बसणं. ‘आता पुढचं घे’ हे वाक्य तोंडातून जात नाही, आणि शिकणारा कामाऐवजी त्या वाक्याची वाट बघायला शिकतो.

या पद्धतीला बळ दिलं ते मार्क गोल्ड या अमेरिकन शिक्षकाने. इलिनॉयमध्ये संशोधन करताना त्याने मध्यम ते तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या 64 जणांपुढे सायकलच्या ब्रेकचे सुटे भाग ठेवले. आधी 15 भागांचा ब्रेक, नंतर 24 भागांचा. काही जणांसाठी त्याने प्रत्येक भागाची एकच बाजू रंगवली होती: भाग बरोबर धरला की रंग आपल्याकडे येतो. ज्यांना त्या काळी दिवसभर फुटकळ कामात गुंतवून ठेवलं जाई, त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी ब्रेक जोडले. हा अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. शिकणारा अडला तर शिकवण्याची रीत बदला, हा या क्षेत्राचा पाया त्या रंगाच्या फटकाऱ्यात आहे.

माल झाला, गिऱ्हाईक कोण?

नोकरी तयार करायची तर कुणीतरी विकत घ्यायला हवं. दयेपोटी घेतलेली मेणबत्ती वर्षातून एकदा खपते. पगार दर महिन्याला लागतो.

अमेरिकेने याचं उत्तर 1938 मध्ये काढलं. वॅग्नर-ओडे कायद्यानुसार केंद्र सरकारने झाडू, मॉप यांसारख्या ठरावीक वस्तू अंध कामगारांच्या ना-नफा संस्थांकडूनच घ्यायच्या असं ठरलं. 1971 मध्ये सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांच्या पुढाकाराने त्यात इतर तीव्र अपंगत्वं आली आणि वस्तूंबरोबर सेवाही आल्या. 2006 पासून या योजनेचं नाव अबिलिटीवन आहे. अमेरिकन सरकारी कचेऱ्यांतलं स्किलक्राफ्टचं काळं बॉलपेन याच योजनेतलं, 1950 च्या दशकापासून अंध कामगारांनी जोडलेलं. सरकारी अटींनुसार त्याने न अडता एक मैल लांबीची रेघ ओढली पाहिजे. आज योजनेत सेवा मोठ्या आहेत: लष्करी तळांवरचे भोजनकक्ष, इमारतींची सफाई, टपालखोल्या. सुमारे चाळीस हजार अंध आणि तीव्र अपंगत्व असलेले लोक त्यात काम करतात.

अट अशी की संस्थेतल्या प्रत्यक्ष कामाच्या एकूण तासांपैकी किमान 75 टक्के तास अशाच कामगारांचे असावेत. ही अट लक्षात ठेवा, पुढे ती पायात येते.

इटलीने वेगळी वाट धरली. त्रिएस्तेच्या मनोरुग्णालयात रुग्णांकडून ‘उपचार’ म्हणून झाडलोट करून घेत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टर फ्रांको बासाग्लिया यांच्या काळात त्याच रुग्णांनी सहकारी संस्था काढली आणि तीच झाडलोट रीतसर कंत्राटावर, रीतसर मजुरीवर करायला घेतली. केर तोच, हात तेच, पण आता करार होता. पुढे 1991 च्या 381 क्रमांकाच्या कायद्याने अशा सामाजिक सहकारी संस्थांना चौकट दिली: किमान 30 टक्के कामगार वंचित गटांतले हवेत, आणि त्यांच्यासाठी सामाजिक विम्याच्या हप्त्यात सूट. 75 आणि 30 या दोन आकड्यांत दोन वेगळे विचार आहेत. एकात अपंग माणसं बहुतांशी आपापल्यात काम करतात, दुसऱ्यात इतरांमध्ये मिसळून.

‘काहीच नसण्यापेक्षा कमी पगार बरा की!’

आता त्या परवान्याकडे. अमेरिकेच्या 1938 च्याच श्रम कायद्यातलं 14(सी) हे कलम सांगतं की अपंगत्वामुळे ज्याची उत्पादकता कमी आहे, त्याला त्या प्रमाणात मजुरी देता येईल. समजा अनुभवी कामगार तासाला शंभर पाकिटं भरतो आणि त्या कामाचा चालू दर बारा डॉलर आहे. हा माणूस तीस भरतो, म्हणून याला तीन डॉलर साठ सेंट. केंद्रीय किमान वेतन 2009 पासून सव्वासात डॉलर आहे, पण परवाना असला की त्याखाली जाता येतं. हिशेब चोख दिसतो, आणि संस्थांचा युक्तिवादही तोच: पूर्ण पगार सक्तीचा केला तर आम्ही यांना कामावर ठेवूच शकणार नाही.

मला हा हिशेब पटत नाही, आणि कारण पुन्हा ती फळी. फळीशिवाय तो माणूस तासाला पाच पिशव्या भरेल, फळी दिल्यावर साठ. मग मोजलं ते काय, माणसाची उत्पादकता की संस्थेने फळी बनवण्याचे कष्ट घेतले की नाही ते? साधन वाईट, शिकवणं वाईट, काम त्याच्या प्रकृतीला न मानवणारं, आणि या सगळ्याची किंमत कापली जाते त्याच्याच मजुरीतून. शिवाय तासाच्या मजुरीवर असलेल्या या कामगाराची गती दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजायची असते. कचेरीतल्या किती जणांचा पगार असा घड्याळ लावून ठरतो?

गैरवापर किती खालच्या थराला जातो हे आयोवा राज्यातल्या अटालिसा गावात दिसलं. तिथे बौद्धिक अपंगत्व असलेले पुरुष वर्षानुवर्षं टर्की पक्ष्यांच्या मांसावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात राबत होते, महिना 65 डॉलरवर, राहायला एक जुनी शाळेची इमारत. त्यांना पुरवणारी कंपनी नफ्यासाठी चालणारी होती. 2013 मध्ये ज्युरीने 32 जणांना 24 कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. कायद्यातल्या मर्यादेमुळे ती 16 लाखांवर आली. बहुतेक संस्था अशा नाहीत हे खरं. पण ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्यासाठी वेगळा कायदा ठेवला की त्यात कोण शिरेल हे सांगता येत नाही.

वारं मात्र फिरलंय. 2001 मध्ये अशा मजुरीवर सव्वाचार लाखांच्या आसपास कामगार होते, 2024 मध्ये सुमारे चाळीस हजार. न्यू हॅम्पशायरने 2015 मध्ये ही पद्धत बंद केली, नंतर इतर अनेक राज्यांनी. 2022 पासून अबिलिटीवनच्या कंत्राटांवरही ती चालत नाही.

‘आधी नीट शिकू दे, मग नोकरीला पाठवू’

ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण तीव्र बौद्धिक अपंगत्वात एक अडचण असते: एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. प्रशिक्षण केंद्रातलं पुसण्याचं टेबल गोल होतं, हॉटेलातलं चौकोनी आहे. शिक्षण पुन्हा पहिल्यापासून. काठावर बसून पोहण्याचे धडे घेतल्यासारखं होतं. त्यातून ‘अजून तयारी झाली नाही’ म्हणत माणसं दहा-दहा वर्षं तयारीच करत राहतात.

म्हणून उलट पद्धत आली: आधी खरी नोकरी, मग त्याच जागी, त्याच टेबलावर प्रशिक्षण. याला सहाय्यित रोजगार म्हणतात. सोबत जाणारा प्रशिक्षक म्हणजे जॉब कोच. तो पहिले काही आठवडे पूर्णवेळ, मग निम्मा वेळ, मग अधूनमधून येतो, आणि जाता जाता शेजारच्या सहकाऱ्याला दोन युक्त्या सांगून जातो. गंभीर मनोविकार असलेल्यांसाठी ही पद्धत 1990 च्या दशकात न्यू हॅम्पशायरमध्ये नीट बांधली गेली. नंतर अनेक देशांत चाचण्या झाल्या. आधी तयारी करून घेणाऱ्या कार्यक्रमांपेक्षा यातून जास्त लोक नोकरीला लागतात, हा निष्कर्ष बराच पक्का आहे.

गाठोड्याची गाठ सुटते ती इथेही. एखाद्या रुग्णालयात परिचारिका दिवसातून कितीदा तरी हातमोज्यांचे खोके भरायला धावतात. ते काम, चादरींच्या गाड्या लावणं आणि रिकाम्या ट्रे गोळा करणं एकत्र केलं की एक नवी नोकरी उभी राहते, जी कुठल्याच जाहिरातीत नव्हती. परिचारिकांचा वेळ वाचतो, म्हणून रुग्णालय पगार देतं. यात उपकार कुणाचेच नाहीत.

‘पण कार्यशाळा तर आई-वडिलांनाच हवी असते’

असते. आणि त्यांना मागासलेले म्हणून झटकून टाकणाऱ्यांचा मला राग येतो. जिथे फक्त अपंग कामगार एकत्र काम करतात त्या जागेला संरक्षित कार्यशाळा म्हणतात. तिथे वेळ ठरलेली असते, गाडी घरून नेते-आणते, मित्र असतात, कुणी चिडवत नाही. बाहेरची नोकरी आठवड्याला बारा तासांची, उरलेले दिवस मुलगा घरी. आई सत्तरीची. हा प्रश्न वेतनाच्या कलमाने सुटत नाही.

ब्रिटनमध्ये काय झालं बघा. 1944 च्या कायद्यातून रेम्प्लॉय ही सरकारी संस्था निघाली आणि देशभर तिचे कारखाने उभे राहिले. 2011 च्या एका अहवालाने दाखवलं की कारखान्यातल्या एका जागेवर होणारा खर्च बाहेरच्या नोकरीत मदत देण्याच्या कितीतरी पट आहे. 2013 पर्यंत उरलेले कारखाने बंद झाले किंवा विकले गेले. हिशेब बरोबर होता, तरी काढून टाकलेल्यांपैकी अनेकांना पुढे बराच काळ काम मिळालं नाही. उलट अमेरिकेच्या व्हरमाँट राज्याने आधी बाहेरच्या नोकऱ्यांची घडी बसवली, कार्यशाळेत नवी भरती थांबवली आणि शेवटची कार्यशाळा 2002 मध्ये बंद केली. दोघांनीही कुलूपच लावलं, पण किल्ली फिरवण्याआधी काय केलं होतं त्यात फरक आहे.

‘पगार सुरू झाला की भत्ता बंद होईल ना?’

घरोघरी बोलला जाणारा खरा प्रश्न हाच. अमेरिकेत गरीब अपंग व्यक्तीला एसएसआय नावाचा मासिक भत्ता मिळतो. त्याची एक अट: एकट्या व्यक्तीची बचत दोन हजार डॉलरच्या वर जाता कामा नये. ही मर्यादा 1989 पासून बदललेली नाही. म्हणजे माणूस नोकरीला लागला, काटकसर केली, तीन हजार साठवले, की भत्ता अडचणीत. भत्त्याबरोबर सहसा सरकारी आरोग्यविमाही येतो, आणि ज्याला रोज मदतनीस लागतो त्याच्यासाठी विमा पगारापेक्षा मोलाचा असतो.

नियम दिसतात तितके निर्दय नाहीत. कमाईतले पहिले 85 डॉलर सोडून (दुसरं काही उत्पन्न नसेल तर), उरलेल्या दर दोन डॉलरमागे भत्ता एकच डॉलर कमी होतो. म्हणजे काम केल्यावर हातात येणारी एकूण रक्कम वाढतेच. भत्ता शून्यावर आला तरी ठरावीक मर्यादेपर्यंत विमा चालू ठेवता येतो. 2014 च्या कायद्याने एक खास बचत खातंही दिलं, ज्यातली रक्कम एक लाख डॉलरपर्यंत त्या दोन हजारांत धरत नाहीत. पण हे घरच्यांना कोण समजावणार? चांगल्या संस्थेत जॉब कोचइतकाच महत्त्वाचा असतो तो कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला भत्ता-सल्लागार. तो नसेल तर लोक घाबरून हातची नोकरी सोडतात, आणि कागदावर नोंद होते: ‘काम करण्याची इच्छा नाही.’

चांगला कामगार सोडायचा कसा?

आता पुन्हा त्या 75 टक्क्यांकडे. संस्थेकडे कंत्राट आहे, गुरुवारी माल द्यायचा आहे. दहा जणांपैकी एक बाई झपाट्याने काम करते, इतरांनाही सांभाळून घेते. बाहेरच्या नोकरीला सगळ्यांत आधी लायक कोण? तीच. आणि संस्थेला सगळ्यांत जास्त गरज कुणाची? तिचीच. ती गेली तर माल उशिरा जाईल, तासांची टक्केवारीही खाली येईल. पर्यवेक्षक दुष्ट नसतो. तो फक्त म्हणतो, “या महिन्यात नको, पुढच्या महिन्यात बघू.” असे पुढचे महिने वीस वर्षं चालतात.

संस्थेच्या दारावर ‘प्रशिक्षण केंद्र’ अशी पाटी आणि आत एकही माणूस उत्तीर्ण होत नाही, हे शाळेच्या बाबतीत आपण चालवून घेतलं नसतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये ओल्मस्टेड खटल्यात म्हटलं की अपंग व्यक्तींना विनाकारण वेगळं ठेवणं हाच भेदभाव. तो निकाल निवासी संस्थांबद्दल होता. पुढे तेच तत्त्व कार्यशाळांना लावलं गेलं आणि ऱ्होड आयलंडने 2014 मध्ये, ऑरेगनने 2015 मध्ये लोकांना बाहेरच्या नोकऱ्यांत हलवण्याचे करार मान्य केले. संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या समितीनेही 2022 मध्ये स्पष्ट केलं की संरक्षित कार्यशाळेला कामाच्या हक्काच्या वाटेवरचा टप्पा मानता येणार नाही.

देणगी देण्याआधी, किंवा आपल्या माणसाला पाठवण्याआधी

संस्थेत गेलात तर भिंतीवरचे फोटो नंतर बघा. आधी विचारा की गेल्या वर्षी किती जण इथून बाहेरच्या नोकरीला लागले आणि त्यातले किती अजून तिथे आहेत. ‘आमच्याकडे इतके जण शिकतात’ हा आकडा उत्तर म्हणून घेऊ नका. पगार तासाला किती, आणि काम नसलेल्या दिवशी काय, हेही विचारा. एखादं काम जमत नसेल तर साधन कोण बनवतं ते विचारा. तसा माणूस असेल तर तो उठून तुम्हाला दाखवायलाच लागतो, त्याला थांबवावं लागतं.

आणि एक प्रश्न जो फारसा कुणी विचारत नाही: बाहेर गेलेल्याची नोकरी सुटली, तर त्याला इथे पुन्हा जागा आहे का? बऱ्याच घरांचा नकार खरं तर नोकरीला नसतो. परतीचं दार बंद होईल, या भीतीला असतो.